सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचंय? आधी सुका पाला साठवा

सोसायटीच्या मीटिंगमध्ये खताचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो मशीन कुठलं घ्यायचं, दुसरा येतो वास येईल का, आणि या दोन प्रश्नांतच दोन-तीन मीटिंगा निघून जातात. सुका पाला किती साठवलाय आणि कुठे ठेवलाय, हे मात्र कुणी विचारत नाही. ठाण्यात आपल्या सोसायट्यांमध्ये खताचे जे प्रकल्प जुलैमध्ये बंद पडतात ना, ते बहुतेक करून ओल्यात मिसळायचा पाला संपल्यामुळे पडतात. ओला कचरा रोज न मागता येतो, पाला वर्षातून दोनच महिने धो धो पडतो आणि तेव्हा आपण तो झाडून गाडीत भरून पाठवून देतो. त्यामुळे हे सगळं लिहिताना मी पुन्हा पुन्हा पाल्यावर येणार आहे.

आपला कचरा कुठे जातो ते ठाण्यात राहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. वर्षानुवर्षं तो दिवा गावात पडला, तिथल्या लोकांनी आगी आणि धूर सोसला, २०२३ मध्ये ते डम्पिंग बंद झालं, मग भंडार्ली, मग डायघर, आणि प्रत्येक ठिकाणच्या गावकऱ्यांनी विरोध केला, तो बरोबरच होता. नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या जुन्या डम्पिंगवर आता निसर्ग उद्यान आहे, लोक तिथे सकाळी चालायला जातात, पण कचरा तुर्भ्याला जातोच आहे. घरातल्या कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा किंवा जास्तच ओला असतो. तो ढिगात दाबला गेला की हवा मिळत नाही, मग त्यातून मिथेन निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. ढिगाला आग लागते ती पण बऱ्याचदा याच गॅसमुळे. हाच कचरा हवा मिळेल असा ठेवला तर मिथेन जवळपास होत नाही. म्हणजे आपल्याला करायचंय काय, तर कचऱ्याला हवा द्यायचीय, बाकी काम जिवाणू करतात.

कायद्याचं पण थोडक्यात सांगते, कारण कमिटीत कुणीतरी विचारतंच. २०१६ च्या घनकचरा नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटेड सोसायट्यांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवायचा असं होतं, एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आलेत, तेव्हा तुमच्या सोसायटीला काय लागू होतं ते पालिकेकडे विचारा, आणि पालापाचोळा जाळायला तर कुणालाच परवानगी नाही. आता कामाचं बघू. खत आपण विटांच्या टाक्यांत करणार आहोत.

किती टाक्या लागतील

मोजायला सोपं म्हणून १०० फ्लॅटची सोसायटी धरा. घरटी रोज अर्धा किलोच्या आसपास ओला कचरा निघतो, म्हणजे ५० किलो, आंब्याच्या सीझनमध्ये ६०-७० पण होईल. माझ्या अंदाजावर जाऊ नका, आठवडाभर वॉचमनकडे वजनकाटा देऊन खरंच मोजा, कारण तुमच्याकडे किती फ्लॅट भाड्याने आहेत, किती लोक बाहेर जेवतात यावर आकडा बराच हलतो.

टाकी साधारण ४ फूट लांब, ३ फूट रुंद, ४ फूट उंच ठेवा. यापेक्षा खूप लहान केली तर आत उष्णता टिकत नाही, ढिगाला स्वतःचं ऊबदार पोट हवं आणि त्यासाठी साधारण एक घनमीटर माल लागतो. यापेक्षा उंच केली तर भरणाऱ्या माणसाचे खांदे जातात आणि खालचा थर दाबून हवा कोंडते. ५० किलोला अशी एक टाकी १२ ते १५ दिवसांत भरते (कचरा रोज खाली बसत जातो म्हणून एवढे दिवस चालते), तेव्हा पाच टाक्या ओळीत बांधल्या तर पाचवी भरेपर्यंत पहिली रिकामी करायला तयार होते. सहावी जमली तर बांधाच, अडीअडचणीला आणि अर्धवट झालेलं खत मुरवायला ती लागतेच.

बांधकाम फार अवघड नाही. आपल्याच महाराष्ट्रात पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शेतकऱ्यांसाठी विटांच्या मध्ये भोकं सोडलेली टाकी बनवली, ती त्यांच्याच नावावरून नाडेप म्हणून ओळखली जाते. सोसायटीला तोच विचार लहान मापात घ्यायचा. तिन्ही बाजूंनी विटांत फटी सोडायच्या, समोरून काढता-घालता येतील अशा फळ्या, म्हणजे खत काढताना वाकून आत उतरावं लागत नाही. फटींना आतून अर्ध्या इंचाची किंवा त्याहून बारीक लोखंडी जाळी लावा, नाहीतर घुशी आत घर करतील. खालचा कोबा थोडा उताराचा आणि जमिनीपासून किमान अर्धा फूट वर, उताराच्या टोकाला एक पाइप आणि त्याखाली बादली. वर पत्रा, आणि तो पत्रा टाकीच्या बाहेर दोन-अडीच फूट आला पाहिजे, कारण इथला पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो.

जागा निवडताना मीटर रूम आणि पार्किंगपासून लांब, पण एवढी लांब कोपऱ्यात पण नको की कुणी जाऊन बघतच नाही. येता-जाता दिसणारी जागा स्वच्छ राहते, माझं तरी हेच मत आहे.

पाला, पाला आणि पाला

घोडबंदर रोडला, वसंत विहारला, वाशी-नेरूळच्या सेक्टरांत रस्त्याकडेला पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, गुलमोहर भरपूर आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये यांची पानगळ होते आणि ही बारीक पानं खतासाठी एकदम चांगली, पटकन कुजतात. बदाम, आंबा, फणस, उंच अशोक यांची पानं जाड असतात, ती तशीच टाकली तर चार महिन्यांनी पण ओळखू येतात, त्यांचा चुरा करून घ्या. श्रेडर (पाला बारीक करायचं यंत्र) असेल तर उत्तम, नसेल तर कडक उन्हात दोन दिवस वाळवून पोत्यात भरून वरून पायाने तुडवा, बऱ्यापैकी चुरा होतो.

किती लागेल? आपला स्वयंपाकघरातला कचरा नायट्रोजनने भरलेला असतो आणि वाळलेली पानं कार्बनने, जिवाणूंना एक भाग नायट्रोजनला २५ ते ३० भाग कार्बन लागतो. रोजच्या भाषेत सांगायचं तर एक बादली ओल्याला एक ते दीड बादली मोकळा पाला, चुरलेला असेल तर अर्धी ते पाऊण बादली. १०० फ्लॅटला रोज अर्धं ते एक पोतं चुरलेला पाला धरा. आता हिशोब करा, जून ते सप्टेंबर चार महिने म्हणजे १२० दिवस, म्हणजे ६० ते १२० पोती कोरडी, पावसापासून वाचवून ठेवलेली हवीत. मे महिन्याच्या शेवटी ही पोती मोजून हजर असतील तर तुमचा पावसाळा सुखात जाणार. नसतील तर आत्ताच शेजारच्या सोसायटीला फोन करा, ते पाला फेकूनच देतायत, पोती तुम्ही दिलीत तर भरून पण ठेवतील.

साठवताना पोती पॅलेटवर किंवा विटांवर ठेवा, जमिनीवर नको, खालून ओल चढते. आणि हा कोरडा माल आहे, पेट घेतो, त्यामुळे जिना, मीटर रूम, ट्रान्सफॉर्मर, गाड्या यांच्या जवळ अजिबात नको, हे मी अगदी कळकळीने सांगते. ताडपत्रीपेक्षा पत्र्याची शेड बरी, ताडपत्रीखाली घाम धरून बुरशी येते. (खरं तर बुरशी आलेला पाला खतात चालतो, पण ओला असल्यामुळे तो पाणी शोषत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याला तो शोषण्यासाठीच तर हवा असतो.)

पाला कमीच पडला तर नारळाच्या शेंड्या, कोकोपीट, लाकडाचा भुसा चालतो. फक्त भुसा साध्या लाकडाचा घ्या, प्लायवूड किंवा एमडीएफ कापलेला नको, त्यात गोंदाची केमिकल्स असतात.

घरोघरी काय सांगायचं

सगळ्या सोसायटीला एकदम सुरू करू नका. एक विंग घ्या, जिथे चार-पाच घरं तरी मनापासून तयार आहेत, पहिली टाकी तयार होईपर्यंत तिथलंच खत करून दाखवा, मग बाकीच्यांना बोलवा. तयार खताचं घमेलं वार्षिक सभेत (एजीएममध्ये) नेऊन ठेवलं आणि लोकांनी हातात घेऊन वास घेऊन बघितला, की अर्धा विरोध तिथेच संपतो.

ओल्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी घालायची नाही, हा एक नियम पाळला गेला तरी मिळवलं. डब्याच्या तळाला पेपर घाला, पाणी तो शोषतो. चहाचा चोथा, भाजीची देठं, साली, शिळी पोळी-भात, अंड्याची टरफलं, देवाची फुलं (दोरा काढून) हे सगळं चालतं. आमटी-भाजीचा रस्सा सिंकमध्ये गाळून मग डब्यात. तळणीचं तेल नको. शहाळी, करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वेगळ्या ठेवा, त्या कुजायला खूप वेळ घेतात आणि टाकी अडवून बसतात. डायपर आणि सॅनिटरी पॅड पेपरात गुंडाळून, वर लाल खूण करून, पूर्ण वेगळे. हे सांगायला कुणाला संकोच वाटत असेल तर लिफ्टमध्ये चिकटवा, पण सांगाच, कारण ते हाताने वेगळं करणारी आपलीच हाऊसकीपिंगची ताई असते.

मासे-चिकनचं काय, हा प्रश्न आपल्याकडे येणारच आणि त्यावरून व्हेज-नॉनव्हेज वाद सोसायटीत पेटवू नका. कोळंबीची टरफलं, काटे, हाडं यांचं पण खत होतं, फक्त ढीग गरम असला पाहिजे आणि ते मधोमध पुरून वर दुप्पट पाला हवा. पहिले दोन महिने घेऊ नका, हात बसला की घ्या.

रोजचं काम

नवी टाकी सुरू करताना तळाला अर्धा फूट जाड काड्या, फांद्यांचे तुकडे, नारळाच्या शेंड्या टाका म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर चार बोटं पाला. मग रोजचा कचरा, त्यातलं मोठं कापून (कलिंगडाची साल, फ्लॉवरचे दांडे, कोबीचा कंद), पसरून, त्यावर पाला, आणि हलक्या हाताने पंज्याने वरचे दोन्ही थर मिसळायचे. सगळ्यात शेवटी वरून तीन-चार इंच नुसता पाला. टाकीकडे बघितल्यावर अन्नाचा एक कण पण दिसता कामा नये, हीच परीक्षा. दिसला तर माशी येणार, उंदीर येणार, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन पण येणार.

विरजण म्हणून पहिल्यांदा शेणाचा पातळ काला किंवा आंबट ताकात गूळ कालवून शिंपडा, किंवा जवळच्या एखाद्या सोसायटीतून दोन घमेली अर्धं झालेलं खत आणा, ते सगळ्यात बेस्ट. नंतर तुमच्याच आधीच्या टाकीतलं खत मूठ मूठ टाकत राहा. दर महिन्याला बाटलीतलं जिवाणूंचं कल्चर विकत घ्यायची गरज मला तरी वाटत नाही, जिवाणू तिथे असतातच, ते जगतील अशी हवा आणि ओल ठेवली की झालं.

ओल बघायची सोपी पद्धत, ढिगाच्या आतलं मूठभर घ्या आणि जोरात दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब डोकावले तर बरोबर. धार लागली तर पाला मिसळा. मूठ उघडल्यावर भुगा होऊन सांडलं तर पाणी शिंपडा, एप्रिल-मेमध्ये हे होतं.

उष्णता बघायला एक लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून पाच-दहा मिनिटं ठेवायची आणि काढून लगेच टोकाकडे हात लावायचा. चांगला चाललेला ढीग असेल तर ती सळई धरवत नाही, चटका बसतो. आत ५५ ते ६५ अंश असतात, आणि पंचावन्नच्या वर तीन दिवस राहिलं की बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी पण मरतं. हिवाळ्यात सकाळी फळी काढून ढीग उकरला तर वाफ वर येताना दिसते, मुलांना हे दाखवायला नक्की आणा. सळई थंडच निघाली तर कचरा कमी पडतोय, किंवा फार कोरडं झालंय, किंवा इतकं ओलं की हवाच नाही, मूठ दाबून तिघांपैकी काय ते कळतं.

टाकी भरली की तिच्यात नवीन काही टाकायचं नाही, तारीख पाटीवर लिहायची आणि आठवड्यातून एकदा फावड्याने खालवर करायचं, बाहेरचं आत, आतलं बाहेर. हे काम जड आहे, दोघांनी करा.

नाक काय सांगतं

ढिगाच्या अडचणी वासावरून ओळखता येतात, त्यासाठी तज्ज्ञ बोलवायला लागत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडा आंबट वास येतो, तो जातो, घाबरू नका. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा कोंडलीय, बहुतेक पाणी जास्त झालंय, पूर्ण उपसून भरपूर पाला मिसळून परत भरा, फवारा मारून हा वास जात नाही. नाकाला झोंबणारा, सार्वजनिक मुतारीसारखा वास म्हणजे अमोनिया, नायट्रोजन जास्त आणि पाला कमी. म्हणजे दोन्ही दुखण्यांना औषध पालाच.

पाइपमधून काळं पाणी येतं ते थोडं असेल तर सुक्या पाल्यावर परत ओता. रोज बादली भरायला लागली तर ती पाल्याची मागणी समजा. आणि ही बादली झाकून ठेवा, रोज रिकामी करा, कारण डास होतात ते साचलेल्या पाण्यात, खताच्या ढिगात नाही.

अळ्या दिसल्या की लोक किंचाळतात आणि मग कुणीतरी जाऊन पेस्ट कंट्रोलचं औषध मारून येतं, त्यात कामाच्या अळ्या पण मरतात. मोठ्या, चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या आहेत, ही माशी घरात येऊन ताटावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा भराभर संपवतात. राहू द्या त्यांना. लहान पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर त्या घरमाशीच्या असू शकतात, तेव्हा वरचा थर आत गाडा, गरम भागात गेल्या की मरतात, आणि वर पाला वाढवा. चिलटं झाली तर फळांच्या साली उघड्या राहतायत असं समजा.

मशीनचं काय

जागा अगदीच नसेल तर मशीन घ्यावं लागतं, त्याला माझा विरोध नाही, पण विकायला येणारा माणूस २४ तासांत खत म्हणाला तर त्याला सरळ विचारा की नंतर मुरवायला किती दिवस. गरम करून वाळवून, बारीक करून जे बाहेर येतं ते खतासारखं दिसतं, पण त्यावर पाणी पडलं की ते पुन्हा कुजायला लागतं आणि कुंडीतल्या मुळांना त्रास होतो. ते आणखी काही आठवडे क्रेटमध्ये किंवा टाकीत मुरवावंच लागतं. शिवाय विजेचं बिल आणि सर्व्हिसिंगचं कॉन्ट्रॅक्ट, दोन्ही एजीएममध्ये आधी मांडा. पाच टाक्यांची जागा आणि एक माणूस असेल तर मी टाक्याच सुचवीन.

आणि तो एक माणूस महत्त्वाचा. हे काम हाऊसकीपिंगच्या माणसाला "जाता जाता कर" म्हणून देऊ नका. रोजचे दीड-दोन तास लागतात, त्याचे वेगळे पैसे द्या, जाड ग्लोव्हज, गमबूट, मास्क, साबण आणि हात-पाय धुवायला नळ तिथेच द्या, धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलंय का ते विचारा. कॉन्ट्रॅक्टर बदलला की शिकलेला माणूस जातो आणि टाक्या अनाथ होतात, तेव्हा कॉन्ट्रॅक्टमध्येच हे काम लिहा आणि नवा माणूस आला की जुन्याबरोबर आठवडाभर काम करेल असं बघा. कमिटीतल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा जाऊन सळई खुपसावी, नुसता ग्रुपवर फोटो बघून काही कळत नाही.

खत झालं कसं ओळखायचं, आणि पुढे

भरल्यापासून ५०-६० दिवसांनी माल काळा-तपकिरी, भुसभुशीत होतो, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो आणि खालवर केलं तरी परत गरम होत नाही. तो काढून सावलीत आणखी दोन-तीन आठवडे मुरू द्या, मग वाळूच्या चाळणीने चाळा. वर राहिलेल्या काड्या, टरफलं नव्या टाकीत तळाला. शंका असेल तर एका कुंडीत थोडं खत मातीत मिसळून मेथीचे दाणे पेरा, शेजारी नुसत्या मातीत पण पेरा. खतातली मेथी तितकीच किंवा जास्त जोमाने आली तर खत तयार, पिवळी पडली किंवा उगवलीच नाही तर अजून मुरवा.

रोज ५० किलोतून महिन्याला साधारण अडीचशे-तीनशे किलो खत मिळतं, म्हणजे १०० घरांना पिशवी पिशवी वाटून पण उरतं. वाटताना प्रत्येकाला सांगा, कुंडीत एक भाग खत आणि तीन-चार भाग माती, नुसत्या खतात झाड लावायचं नाही. उरलेलं आवारातल्या झाडांना मेच्या शेवटी घाला, खोडाला चिकटवून नाही, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या खाली गोल आळं करून. त्यातूनही राहिलं तर पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा, पोत्याचं तोंड घट्ट बांधू नका, आणि गणपतीच्या सुमारास निर्माल्याने टाक्या भरायला लागतील तेव्हा थराथरात टाकायला ते काढा.